कॅन्सरमध्ये माणूस खंगत का जातो? भूक, स्नायू आणि मेंदूतला दाह

कॅन्सरचा पेशंट असलेल्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: “दोन घास तरी खा.” सुरुवातीला ते प्रेमानं म्हटलं जातं, नंतर काळजीनं आणि काही आठवड्यांनी थोडं चिडून. ताट तसंच परत जातं. कपडे सैल होतात, गालफडं बसतात, दंडावरची कातडी लोंबायला लागते. मग भेटायला आलेलं कुणीतरी जाताना दारात हळू आवाजात म्हणतं, “त्यांनी धीरच सोडलाय, नाहीतर खाल्लं असतं.”

हे शेवटचं वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं. न खाणं, वजन घटणं, सतत पडून राहणं आणि कशातच मन न लागणं, या सगळ्यामागे शरीरात आणि मेंदूत घडणारी एक प्रक्रिया असते. तिला ‘कॅकेक्सिया’ म्हणतात. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या प्रक्रियेतला मेंदूचा वाटा बराच उलगडलाय. तो समजला तर घरातली निम्मी भांडणं थांबतील आणि डॉक्टरांना योग्य प्रश्न योग्य वेळी विचारता येतील.

कॅकेक्सिया म्हणजे काय?

शब्द ग्रीक आहे. ‘काकोस’ म्हणजे वाईट आणि ‘हेक्सिस’ म्हणजे स्थिती. मराठीत यासाठी ग्रीकपेक्षा चांगला शब्द आहे, खंगणं. आजारानं आतून पोखरत जाणं, हा अर्थ त्या एका शब्दात आहे. आपल्याकडे टीबीला ‘क्षय’ म्हणतात तेही याच लक्षणावरून. जंतू कुणाला दिसत नव्हता, पण माणूस झिजताना दिसत होता.

कॅन्सरमधल्या कॅकेक्सियाची सर्वमान्य व्याख्या २०११ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटानं ठरवली. तिचा गाभा असा: स्नायू सतत कमी होत जातात, सोबत चरबी कमी होते किंवा होतही नाही, नुसता आहार वाढवून ही घट पूर्णपणे भरून निघत नाही आणि माणसाची कामं करण्याची ताकद कमी होत जाते.

मोजमाप सोपं आहे. सहा महिन्यांत काही प्रयत्न न करता ५ टक्क्यांपेक्षा जास्त वजन घटलं तर कॅकेक्सिया समजतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाचं तीन किलोपेक्षा जास्त. माणूस मुळातच बारीक असेल, म्हणजे बीएमआय २० च्या खाली असेल, तर २ टक्केसुद्धा पुरतात. ४५ किलोच्या बाईसाठी हे जेमतेम एक किलो झालं. एक किलो वजन कमी झालं म्हणून आपण डॉक्टरांना फोन करत नाही. इथे करायला हवा.

उलट टोकालाही एक फसवणूक आहे. पेशंट जाड असेल तर आतले स्नायू झिजत असताना बाहेरून काहीच कळत नाही. “बरंच झालं, जरा वजन उतरलं” असं म्हणून लोक मोकळे होतात. सीटी स्कॅनमध्ये मात्र स्नायू किती उरलेत ते दिसतं.

कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेल्या पेशंटपैकी निम्म्याहून जास्त जणांना कॅकेक्सिया होतो. कॅन्सरच्या साधारण पाचपैकी एका मृत्यूमागे तोच असावा, असा अंदाज वैद्यकीय लिखाणात वारंवार दिला जातो. स्वादुपिंड, जठर, अन्ननलिका आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये तो जास्त दिसतो, तर स्तनाच्या कॅन्सरमध्ये कमी.

हे उपासमारीपेक्षा वेगळं कसं?

निरोगी माणूस उपाशी राहिला की शरीर काटकसर सुरू करतं. ऊर्जेचा खर्च कमी करतं, चरबी जाळतं आणि स्नायू शक्य तितके राखून ठेवतं. मेंदू भुकेची घंटा जोरजोरात वाजवतो. पुन्हा अन्न मिळालं की काही आठवड्यांत गाडी रुळावर येते.

कॅकेक्सियात यातलं जवळपास काहीच होत नाही. चरबीबरोबर स्नायूही जातात. बऱ्याच पेशंटमध्ये पडल्या पडल्या ऊर्जेचा खर्च उलट वाढतो. वजन इतकं घटलेलं असूनही भुकेची घंटा गप्प असते. शिरेतून थेट पोषण दिलं तरी झीज पूर्ण थांबत नाही. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण “सलाईनमधून ताकद द्या” ही नातेवाइकांची सगळ्यात नेहमीची मागणी असते. साधं सलाईन म्हणजे पाणी आणि मीठ, फार तर थोडी साखर. त्यात ‘ताकद’ नसते.

एकाच रेणूची दोन नावं

ट्यूमर एका जागी असतो आणि झीज सगळ्या शरीराची होते. म्हणजे रक्तातून काहीतरी पसरत असणार, हा संशय जुना आहे. त्याचा पहिला मोठा धागा कॅन्सरमधून नाही, जनावरांच्या आजारातून मिळाला.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले अँथनी सेरामी ट्रिपॅनोसोम या परजीवीवर काम करत होते. आफ्रिकेत गुरांना यामुळे जीवघेणा आजार होतो. लागण झालेल्या प्राण्यांच्या अंगात परजीवी अगदी थोडे असले तरी ते प्राणी खंगून मरत. म्हणजे परजीवी त्यांना खात नव्हता. प्राण्याच्याच शरीरातून असं काहीतरी सुटत होतं जे त्याला झिजवत होतं. सेरामी आणि ब्रूस बॉयटलर यांनी तो पदार्थ वेगळा केला आणि त्याला ‘कॅकेक्टिन’ नाव दिलं.

१९८५ साली लक्षात आलं की हा पदार्थ आधीच सापडलेला आहे, पण दुसऱ्या नावानं. ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’, म्हणजे टीएनएफ. प्रयोगात काही ट्यूमरच्या पेशी मारतो म्हणून १९७५ साली त्याला हे नाव पडलं होतं. एका टोळीनं त्याला कॅन्सर मारणारा म्हणून ओळखलं, दुसरीनं माणूस झिजवणारा म्हणून, आणि रेणू एकच.

टीएनएफ हा ‘सायटोकाइन’ गटातला आहे. रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जे रेणू वापरतात ते हे. इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६ ही त्यातलीच मोठी नावं. टीएनएफ अडवलं की कॅकेक्सिया थांबेल, असं तेव्हा वाटलं होतं. तशी औषधं संधिवातासाठी आली आणि तिथे फार यशस्वी ठरली. कॅन्सरच्या पेशंटना मात्र चाचण्यांमध्ये त्यांचा उपयोग झाला नाही. निरोप देणारे अनेक आहेत, एकाचं तोंड बंद करून भागत नाही. मग प्रश्न उलटा विचारला गेला: हे सगळे निरोप जातात कुठे?

मेंदूतला दाह म्हणजे काय?

आधी एक गैरसमज दूर करू. इथे ‘मेंदूला सूज’ म्हणजे मेनिंजायटिस नाही आणि मेंदूत पसरलेल्या गाठीभोवती येणारी सूजही नाही. एमआरआयमध्ये हे दिसत नाही. हा दाह रेणूंच्या आणि पेशींच्या पातळीवरचा असतो. मेंदूच्या ठरावीक भागांत सायटोकाइनचं प्रमाण वाढतं आणि तिथल्या पेशी वेगळ्या वागायला लागतात.

याची सौम्य आवृत्ती आपण सगळ्यांनी अनुभवलीय. फ्लू झाला की जेवण नकोसं होतं, अंग जड होतं, कुणाशी बोलू नये वाटतं. हे विषाणू करत नाही, तुमचा मेंदू करतो. रक्तातल्या सायटोकाइनचा निरोप मिळाला की तो शरीराला ‘आजारपणाच्या मोड’वर टाकतो. फ्लूमध्ये तीन-चार दिवसांनी हा मोड बंद होतो. कॅन्सरमध्ये तो महिनोन्महिने चालू राहतो.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. भूक, तहान, तापमान सगळं इथून चालतं. इथे चेतापेशींचे दोन गट एकमेकांविरुद्ध काम करतात. एक म्हणतो ‘खा’, दुसरा म्हणतो ‘पुरे’. वजन घटलं की ‘खा’वाल्यांचा आवाज वाढायला हवा. कॅकेक्सियात दाहामुळे ‘पुरे’वाले गट चढ्या आवाजात बोलत राहतात. पेशंटचं पोट खरोखर रिकामं असतं, पण मेंदूपर्यंत पोचलेली बातमी ‘जेवण झालंय’ अशी असते. त्याच्यापुढे आग्रह करून वाढलेलं ताट म्हणजे लग्नाच्या पंगतीत पोटभर जेवल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाढल्यासारखं आहे.

मेंदूत टोचलं आणि पायाचे स्नायू झिजले

भूक गेली म्हणून माणूस बारीक झाला, इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पण मेंदूतला दाह स्नायूंना थेट झिजवू शकतो का? २०११ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या संशोधकांनी याचं उत्तर दिलं. त्यांनी उंदरांच्या मेंदूत अगदी थोडं इंटरल्यूकिन-१ टोचलं. शरीरात कॅन्सर नाही, स्नायूंना हात लावलेला नाही. तरी स्नायू झिजले.

वाट अशी निघाली. हायपोथॅलॅमस चेतवला गेला, त्यानं पिट्युटरी ग्रंथीला सांगितलं, पिट्युटरीनं मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना. तिथून तणावाची संप्रेरकं सुटली. माणसात यातलं मुख्य कॉर्टिसॉल, उंदरात त्याचा जवळचा नातेवाईक. या संप्रेरकांनी स्नायूंमधली प्रथिनं मोडायची यंत्रणा सुरू केली. ज्या उंदरांच्या ॲड्रिनल ग्रंथी आधीच काढल्या होत्या, त्यांचे स्नायू वाचले. मला या विषयातला हा सगळ्यात स्वच्छ प्रयोग वाटतो, कारण ‘मेंदू ते स्नायू’ असा पूर्ण रस्ता त्यात दिसतो.

त्याच गटानं २०२० साली आणखी एक गोष्ट दाखवली. स्वादुपिंडाचा कॅन्सर असलेल्या उंदरांमध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशी, मुख्यतः न्यूट्रोफिल, मेंदूत आणि त्याच्या आवरणांत शिरतात. एरवी त्यांना तिथे मज्जाव असतो. त्यांची ही घुसखोरी अडवली तर भूक आणि स्नायू दोन्ही बऱ्यापैकी टिकतात.

मग दाह करणाऱ्या सगळ्याच पेशी मारून टाकायच्या का? तसंही नाही. मायक्रोग्लिया या मेंदूच्या स्वतःच्या राखणदार पेशी. कॅन्सर असलेल्या उंदरांमध्ये त्या नष्ट केल्यावर कॅकेक्सिया कमी न होता वाढला. म्हणजे त्या तिथे बचावाचं काम करत होत्या. इंटरनेटवर ‘मेंदूचा दाह कमी करणारं’ म्हणून जे जे विकलं जातं, त्याकडे बघताना हा निकाल आठवावा.

मेंदूची उघडी खिडकी

मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक कडक पहारा असतो, ब्लड-ब्रेन बॅरियर. रक्तातल्या बहुतेक गोष्टी त्यातून आत जात नाहीत. पण मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात, मानेच्या वर, एक ठिपक्याएवढी जागा अशी आहे जिथे हा पहारा सैल असतो. तिचं नाव एरिया पोस्ट्रेमा. रक्तात विष आलं तर ते लगेच कळावं आणि उलटी होऊन जावी, यासाठी ही खिडकी उघडी ठेवलेली आहे. कॅन्सरचे निरोपही त्याच खिडकीतून आत शिरतात.

इथे येणारा एक महत्त्वाचा निरोप म्हणजे जीडीएफ-१५ हे प्रथिन. ते १९९७ साली ऑस्ट्रेलियात सिडनीतल्या संशोधकांनी शोधलं. २००७ साली त्याच गटानं दाखवलं की काही ट्यूमर ते भरपूर प्रमाणात सोडतात आणि त्यामुळे उंदरांची भूक मरते, वजन घटतं. ते अडवलं की वजन परत येतं. पण ते काम कुठे करतं हे दहा वर्षं कोडं राहिलं. २०१७ साली चार वेगवेगळ्या गटांनी एकाच सुमाराला उत्तर दिलं: जीडीएफ-१५ चा ग्राहक रेणू मेंदूच्या मागच्या भागातच, एरिया पोस्ट्रेमा आणि तिच्या शेजारी सापडतो.

गंमत म्हणजे हेच प्रथिन गरोदरपणात वाढतं आणि डोहाळ्यांतल्या मळमळ-उलट्यांशी त्याचा संबंध असल्याचं २०२३ मध्ये स्पष्ट झालं. वजन कमी करायची जी इंजेक्शनं सध्या गाजतायत, सेमाग्लुटाइडसारखी, त्यांच्या परिणामातही मेंदूच्या याच परिसराचा वाटा आहे. निरोगी जाड माणसाला जी भूक मारायला पैसे मोजावे लागतात, ती कॅन्सर फुकट मारतो.

दुसरा निरोप इंटरल्यूकिन-६ चा. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या कामात असं दिसलं की एरिया पोस्ट्रेमातल्या चेतापेशींना इंटरल्यूकिन-६ ओळखताच येऊ नये अशी व्यवस्था केली, तर कॅकेक्सिया सौम्य होतो आणि उंदीर जास्त जगतात.

‘धीर सोडला’ की डोपामिन घटलं?

एप्रिल २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेलं संशोधन थेट दारातल्या त्या कुजबुजीपर्यंत पोचतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी कॅन्सर असलेल्या उंदरांना बक्षीस म्हणून खाऊ ठेवला, पण तो मिळवायला थोडी मेहनत करावी लागेल अशी रचना केली. आजार वाढला तसे उंदीर मेहनत सोडत गेले. फुकट मिळालं तर घेत, पण कष्ट नकोत.

मेंदूत पाहिलं तर साखळी सापडली. एरिया पोस्ट्रेमाला इंटरल्यूकिन-६ चा निरोप मिळतो, तो पुढच्या केंद्रांकडे जातो आणि शेवटी डोपामिन कमी होतं. ‘हे मिळवायला हवं’ अशी ओढ निर्माण करणारं रसायन ते हेच. ही साखळी मध्येच तोडली किंवा डोपामिन वाढवलं, तर कॅन्सर तसाच असूनही उंदरांची उमेद परत आली.

हे उंदरांमधलं आहे. माणसात जसंच्या तसं लागू होईल असं लगेच म्हणता येत नाही. तरीही एक गोष्ट कळते. नातवाशी खेळायचा कंटाळा, टीव्हीवरची मॅच सुरू असून भिंतीकडे तोंड करून झोपणं, “उद्या बघू” म्हणणं, हे सगळं निव्वळ मनाच्या कमकुवतपणातून येतं असं मानायला आधार उरत नाही. नैराश्यही सोबत असू शकतं, आणि त्यावर उपचार असतात म्हणून डॉक्टरांना ते सांगायलाच हवं.

स्नायूंचं काय होतं?

थोडक्यात सांगायचं तर पेशींमध्ये टाकाऊ प्रथिनांवर खूण करून ती मोडीत काढणारी यंत्रणा असते. कॅकेक्सियात ती चांगल्या प्रथिनांवरही सुटते. मोडून निघालेली अमिनो आम्लं यकृताकडे जातात. यकृत त्यातून दाहाशी संबंधित प्रथिनं बनवतं (रक्ताच्या रिपोर्टमधलं सीआरपी हे त्यातलंच) आणि ग्लुकोजही बनवतं. हातापायांबरोबर श्वासाचे स्नायू आणि हृदयही या झिजेतून सुटत नाहीत. स्नायू कमी असलेल्या पेशंटना केमोचा त्रासही जास्त होतो, डोस कमी करावा लागतो किंवा सायकल पुढे ढकलावी लागते. म्हणून वजन हा दिसण्याचा प्रश्न नाही, उपचार पूर्ण होणार की नाही याचा प्रश्न आहे.

औषधं आहेत का?

कॅकेक्सिया पूर्ण बरा करणारं औषध नाही. पण हात बांधून बसायचीही वेळ नाही.

सगळ्यात उपयोगी बातमी भारतातलीच आहे. पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेत ओलान्झापाइन या जुन्या, स्वस्त, मानसिक आजारांसाठी वापरल्या जाणाऱ्या गोळीची चाचणी झाली. जठर, यकृत-स्वादुपिंड परिसर आणि फुप्फुसाचा पुढे गेलेला कॅन्सर असलेल्या १२४ पेशंटना केमोसोबत रोज फक्त २.५ मिलिग्रॅम ओलान्झापाइन किंवा नुसती दिखाऊ गोळी १२ आठवडे दिली. वजन ५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढलेल्यांचं प्रमाण ओलान्झापाइन गटात ६० टक्के आणि दुसऱ्या गटात ९ टक्के होतं. २०२३ साली हे निकाल प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे औषध घेतलं. झोप येणं, साखर वाढणं असे दुष्परिणाम असतात. त्यामुळे हे वाचून मेडिकलमधून आणायची गोळी नाही. डॉक्टरांना “बाबांना ओलान्झापाइन चालेल का?” असं विचारायचं.

मेजेस्ट्रॉल हे संप्रेरकासारखं औषध भूक आणि वजन थोडं वाढवतं, पण वाढतं ते मुख्यतः चरबी आणि पाणी. शिवाय रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असतो. स्टिरॉइडनं काही दिवस भूक छान लागते, मात्र जास्त काळ दिली तर तीच स्नायू झिजवतात. कारण वर आलंच आहे, कॉर्टिसॉल हे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड. जपाननं २०२१ मध्ये ॲनामोरेलिन हे औषध मान्य केलं. ते भुकेच्या संप्रेरकाची नक्कल करतं. युरोपच्या औषध संस्थेनं मात्र २०१७ मध्येच त्याला नकार दिला होता, कारण स्नायूंचं वजन वाढलं तरी हाताच्या मुठीची ताकद वाढली नव्हती.

जीडीएफ-१५ ला पकडणारं पॉन्सेग्रोमॅब हे इंजेक्शन सगळ्यात जास्त चर्चेत आहे. २०२४ साली १८७ पेशंटवरच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीचे निकाल आले. सर्वात जास्त डोस घेणाऱ्यांचं वजन १२ आठवड्यांत दिखाऊ औषध घेणाऱ्यांपेक्षा सरासरी २.८ किलोनं जास्त भरलं. आकडा छोटा वाटेल. पण एरवी जिथे वजन घसरतच जातं, तिथे ही बरीच मोठी गोष्ट आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एवढी वर्षं प्रयोगशाळेत जमलेली मेंदूची माहिती पहिल्यांदाच माणसाच्या वजनकाट्यावर दिसली.

घरी काय करायचं?

पहिलं काम, वजनाची वही. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी. पायावर किंवा पोटात पाणी साचलं असेल तर वजन वाढलेलं दिसतं, तेही लिहून ठेवा. प्रत्येक तपासणीला वही दाखवा. ओपीडीच्या गर्दीत “जेवण कमी झालंय” हे वाक्य हवेत विरून जातं, “दोन महिन्यांत चार किलो” हे विरत नाही.

मग सुधारता येणारी कारणं शोधा. तोंडातले छाले, मळमळ, बद्धकोष्ठता, वेदना, गिळायला त्रास, चव जाणं. यातल्या बहुतेकांवर साधे उपाय आहेत आणि यांच्यामुळे गेलेली भूक परत येऊ शकते. कित्येकदा पेशंट हे सांगतच नाही, “केमोत असं होणारच” म्हणून सोडून देतो.

आहाराबाबत युरोपीय तज्ज्ञांची शिफारस आहे की रोज प्रत्येक किलो वजनामागे २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत. ५० किलोच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. (किडनीचा आजार असेल तर आधी विचारा.) आता आपल्याकडे आजारी माणसाला काय देतात ते बघा. पेज, मऊ भात, वरणाचं पाणी, साबुदाण्याची खीर, मोसंबीचा रस. पचायला हलकं, पण प्रथिनं जवळपास नाहीत. एका अंड्यात ती साधारण ६ ग्रॅम असतात, एका मोठ्या ग्लास दुधात ८ ग्रॅमच्या आसपास. तीच पेज दुधात करा, मऊ भातात घट्ट वरण आणि तूप घाला, ताकाऐवजी घट्ट दही किंवा थोडं श्रीखंड द्या, खाणारे असतील तर अंडं, मासे, खिमा. भाजीत दाण्याचं कूट सढळ हातानं. तीन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन-तीन तासांनी वाटीभर. वासानं मळमळत असेल तर गरम जेवणापेक्षा थंड पदार्थ बरे पडतात.

व्हॉट्सॲपवर फिरणारा “साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल” हा मेसेज इथे खरा घात करतो. तोंडातून साखर गेली नाही म्हणून रक्तातलं ग्लुकोज संपत नाही. यकृत ते अमिनो आम्लांपासून बनवतं, आणि ती येतात स्नायूंमधून. म्हणजे उपाशी कॅन्सर राहत नाही, पेशंटचे दंड आणि मांड्या बारीक होतात. आधीच वजन घटत असलेल्या माणसाला फळांच्या रसावर ठेवणं, डाळी-दूध ‘पथ्य’ म्हणून तोडणं किंवा कडक उपास करायला लावणं टाळा. डायबेटिस असेल तर साखरेचा हिशोब वेगळा, तो डॉक्टरांशी बोलून.

हालचालही हवी. अंगणात दोन फेऱ्या, खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठणं-बसणं. वापरात नसलेला स्नायू लवकर जातो.

आणि एक टप्पा असा येतो जेव्हा कॅन्सर कुठल्याच उपचाराला दाद देत नाही आणि आयुष्य थोडं उरलेलं असतं. व्याख्येतली ही तिसरी पायरी. इथे जबरदस्तीनं भरवल्यानं ताकद येत नाही. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. शिरेतून दिलेलं जास्तीचं पाणी अंगावर सूज आणि फुप्फुसात धाप आणतं. या अवस्थेत बहुतेक पेशंटना भुकेचा त्रास होत नाही. तोंड कोरडं पडण्याचा होतो. ओठ ओले ठेवणं, आवडीच्या पदार्थाचा चमचाभर, बर्फाचा तुकडा, एवढं पुरतं. ते उपाशी जातायत म्हणून जात नाहीत, आजारामुळे जातायत. घरातल्या ज्या माणसानं इतके महिने ताट वाढलंय, त्याला हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवावं.

हे सगळं एका खोलीत बोलता येईल असा विभाग मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांमध्ये असतो. त्याचं नाव पॅलिएटिव्ह केअर. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही तो आहे. नाव ऐकून लोक घाबरतात, त्यांना तो फक्त शेवटच्या दिवसांसाठी आहे असं वाटतं. केमो सुरू असतानाही तिथे जाता येतं. वजनाची वही सोबत न्या.